ठासणीच्या रायफलीचा पीळ आणि नेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठासणीच्या, म्हणजे दारू आणि गोळी तोंडातून ठासून भरायच्या, रायफलींबद्दल मला येणारे बरेचसे प्रश्न फिरून फिरून पिळापाशी येतात. नेम बसला नाही की दोष पिळाला, बसला की श्रेयही पिळालाच. वर्षानुवर्षं तेच प्रश्न आले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. सोप्यापासून अवघडाकडे जा. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीळ म्हणजे नेमकं काय? १:४८ हा आकडा कसा वाचायचा?

रायफलीच्या नळीत आतून कोरलेल्या खाचा सरळ जात नाहीत, गोल जिन्यासारख्या वळत वळत तोंडापर्यंत येतात. एक पूर्ण वेढा घ्यायला त्यांना नळीची जेवढी लांबी लागते, तो त्या नळीचा पीळ. १:४८ म्हणजे ४८ इंचांत एक वेढा. सुतळीला जसा पीळ घट्ट किंवा सैल असतो तसंच हे आहे: आकडा लहान तितका पीळ घट्ट, मोठा तितका सैल. १:२० घट्ट, १:६६ सैल. नवीन माणसाची इथेच गल्लत होते, कारण आकडा वाढला की फिरकी कमी होते.

२. नळीवर काहीच कोरलेलं नाही. पीळ घरी मोजता येईल का?

येईल, पण आधी नळी रिकामी आहे याची खात्री करा. गज बुडापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून धरून बघा. खुणेपासून गजाचं टोक टोपीच्या किंवा रंजकाच्या भोकापर्यंत, म्हणजे जिथून ठिणगी दारूपर्यंत जाते तिथपर्यंत, पोचलं पाहिजे. इंचभर जरी कमी पडलं तरी आत दारू आणि गोळी आहे असंच समजा आणि पुढे काहीही करू नका. जुन्या बंदुका वर्षानुवर्षं भरलेल्या अवस्थेत भिंतीवर टांगलेल्या सापडतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मग ज्याची मूठ जागीच राहते आणि दांडी मोकळी फिरते असा साफसफाईचा गज घ्या. त्यावर तेल लावलेली, चांगली घट्ट बसणारी चिंधी चढवून बुडापर्यंत न्या. मुठीखाली दांडीला चिकटपट्टीचा एक झेंडा लावा आणि नळीच्या तोंडाशी दांडीवर खूण करा. आता गज सावकाश बाहेर ओढा. झेंड्याने पाव फेरा घेतला की दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर गुणिले ४ हा तुमचा पीळ. अर्धा फेरा मोजता आला तर अधिक चांगलं, मग २ ने गुणा. चिंधी सैल असेल तर ती खाचांवरून घसरते आणि पीळ आहे त्यापेक्षा सैल भासतो. म्हणून निदान तीनदा मोजा आणि तिन्ही आकडे जवळ आले तरच विश्वास ठेवा.

३. गोल गोळीला पुढचं-मागचं काहीच नसतं. तिला फिरकी हवीच कशाला?

मला आवडणारा प्रश्न आहे, आणि पिळाची निम्मी समज याच्या उत्तरात आहे.

गुळगुळीत नळीतून जाणारी गोळी भिंतीला कुठेतरी घासते आणि तिला मनमानी फिरकी मिळते: कधी या अंगावर, कधी त्या. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो तशीच ही गोळीही वळते, फक्त कुठल्या बाजूला ते आधी कळत नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४० च्या दशकात हे प्रयोगाने दाखवलं. त्याने एका बंदुकीची नळी तोंडापाशी डावीकडे वाकवली. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली, पण वाकलेल्या भागात उजव्या भिंतीला घासत आल्यामुळे तिला जी फिरकी मिळाली तिने पुढे हवेत तिला उजवीकडे वळवलं. १७४७ मध्ये रॉयल सोसायटीसमोरच्या निबंधात त्याने रायफलीच्या खाचांचं खरं काम मांडलं: फिरकीचा आस उडण्याच्या दिशेतच ठेवायचा. तसं झालं की हवेला गोळी बाजूला ढकलायला निमित्त उरत नाही.

दुसरा फायदा असा की ओतीव गोळीत कुठेतरी बारीक पोकळी असते, कुठेतरी ओतताना राहिलेलं नाक असतं. गोळी फिरत राहिली की असा दोष एकाच बाजूला ओढत राहत नाही, सगळ्या बाजूंना वाटला जातो.

गोल गोळीचं काम एवढ्यावर भागतं. लांबट गोळीला मात्र फिरकीने आणखी एक काम करावं लागतं. हवेचा दाब तिच्या वजनाच्या मध्यापुढे पडतो, म्हणून तिचं नाक सतत उलटायला बघतं. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तशी ही गोळी फिरते तोवर नाक पुढे ठेवते. गोल गोळीत हा उलटण्याचा जोरच नसतो. तिला अगदी थोडी फिरकी पुरते ती यामुळे.

४. थोडी फिरकी पुरते हे समजलं. पण जास्त दिली तर नुकसान काय? जास्त फिरकी म्हणजे जास्त अचूक नेम, नाही का?

नाही. जास्त फिरकीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत पोकळीची. गोळीच्या वजनाचा मध्य तिच्या आकाराच्या मध्यापासून किंचित सरकलेला असेल, तर नळीत तो मध्य मळसूत्रासारखा गोल फिरत येतो आणि तोंडातून सुटताच त्या क्षणीच्या दिशेने बाजूला फेकला जातो. गोफणीतला दगड सुटतो तसा. किती फेकला जातो ते काढता येतं: ६.२८ गुणिले सरक, भागिले पीळ, गुणिले निशाणापर्यंतचं अंतर, सगळं इंचांत. .४९० इंची, सुमारे १७७ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळीत मध्यापासून बऱ्याच बाहेर एक ग्रेन शिशाएवढी पोकळी असेल तर सरक साधारण एक हजारांश इंच होते. १०० यार्डांवर याचा परिणाम १:६६ मध्ये सुमारे पाव ते अर्धा इंच, नेमका सांगायचा तर ०.३४. १:४८ मध्ये ०.४७ आणि १:२८ मध्ये ०.८१ इंच. हे मध्यापासूनचं अंतर आहे. एक गोळी इकडे आणि एक तिकडे गेली की पसारा दुप्पट. वेग कमी-जास्त केल्याने हा आकडा बदलत नाही, तो पिळावरच ठरतो. म्हणून गोळ्या तराजूवर घालून हलक्या निघतील त्या परत वितळवणं हे मी कंटाळवाणं काम मानत नाही. हलक्या गोळीत पोकळी असते.

दुसरी किंमत पकडीची. ठासणीच्या रायफलीत गोल गोळी स्वतः खाचांना धरत नाही, तिच्याभोवती गुंडाळून भरलेला कापडाचा तुकडा, म्हणजे चिंधी, धरते. पीळ घट्ट आणि दारू भरपूर असेल तर गोळी खाचांबरोबर वळायच्या आत सरळ पुढे सटकते, चिंधी फाटते, आणि बाहेर पडते ती जवळजवळ न फिरणारी गोळी. मध्य हिंदुस्थानात शिकार केलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६० च्या दशकात याच कारणासाठी सैल पिळाचा कैवार घेत होता. १४ बोअरच्या, म्हणजे जवळपास .६९ इंची गोळीसाठी त्याचा पीळ १:१०४ होता, म्हणजे भरपूर दारू घालून गोळीचा मार्ग सपाट ठेवता यायचा. १८०० साली ब्रिटिश सैन्यात आलेली बेकर रायफल तर याहून सैल: ३० इंचांच्या नळीत फक्त पाव वेढा, म्हणजे १:१२०. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत तिने नाव कमावलं ते या एवढ्याशा फिरकीवर.

५. लांबट गोळीसाठी किती पीळ हवा? हिशेब आहे का काही?

आहे. इंग्लंडातल्या वूलिचच्या लष्करी शाळेत गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेला ढोबळ नियम आजही कामाला येतो. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. सगळं इंचांत. येईल तो पीळ.

.४५ इंच व्यासाची, १.३ इंच लांबीची गोळी घ्या. ०.४५ चा वर्ग ०.२०२५, गुणिले १५० म्हणजे ३०.४, भागिले १.३ म्हणजे २३.४. तेव्हा १:२३ किंवा त्याहून घट्ट पीळ हवा. उलटंही करता येतं. .५० च्या १:४८ नळीत किती लांब गोळी चालेल? ३७.५ भागिले ४८, म्हणजे पाऊण इंचाहून जरा जास्त. १:२८ मध्ये तोच आकडा १.३४ इंच होतो.

नियम सावध आहे, म्हणून थोडी लांब गोळीही पुष्कळदा सरळ जाते. आणि तो भरीव, सरळसोट गोळीसाठी आहे. पोकळ बुडाच्या गोळीला तो जसाच्या तसा लावू नका (प्रश्न ९).

६. दुकानदार गोळीच्या वजनावरून पीळ सांगतात. ते चूक आहे का?

एकाच व्यासाच्या आणि एकाच घडणीच्या गोळ्यांमध्ये जड म्हणजे लांब, म्हणून वजनाने काम भागतं. पण पिळाला वजन कळत नाही, लांबी कळते. त्याच वजनाची गोळी शिशाऐवजी तांब्याची केली की ती लांब होते आणि तिला घट्ट पीळ लागतो. खोक्यावरच्या ग्रेनपेक्षा कॅलिपरने मोजलेल्या लांबीवर विश्वास ठेवा.

७. १:४८ म्हणजे दोन्ही डगरींवर हात, धड गोल गोळीला नाही आणि धड लांबट गोळीला नाही, असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या बंधूंच्या रायफली १९ व्या शतकात मैदानी मुलखात आणि डोंगरांत गाजल्या. त्यांचा नेहमीचा पीळ १:४८ च होता आणि त्यातून गोल गोळीच मारत. तेव्हा १:४८ मध्ये गोल गोळी चालत नाही हे म्हणणं टिकत नाही.

तडजोड आली ती १९७० नंतर, कारखान्यात निघालेल्या ‘हॉकेन’ नावाच्या नव्या रायफलींबरोबर. एकाच नळीतून चिंधीतली गोल गोळीही जावी आणि आखूड लांबट गोळीही जावी, म्हणून खाचा उथळ ठेवल्या गेल्या. त्या नळ्यांमध्ये गोल गोळी नखरे करते तेव्हा नाव पिळाचं घेतलं जातं, पण कारण बऱ्याचदा खाचांच्या खोलीत असतं.

चिंधीला दाबून बसायला जागा लागते. गोल गोळीच्या नळ्यांत खाचा साधारण १० ते १६ हजारांश इंच खोल करतात. लांबट शिशाच्या गोळीसाठी आणि सॅबोसाठी (बारीक गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण) तीन ते पाच-सहा हजारांश पुरतात, कारण तिथे शिसं किंवा प्लॅस्टिक थेट खाचेत भरतं आणि खोल खाचेतून वायू निसटतो. सैल पीळ आणि खोल खाचा, घट्ट पीळ आणि उथळ खाचा, अशा जोड्या बाजारात एकत्र येतात. त्यामुळे एकाचं कर्म दुसऱ्याच्या माथी लागतं. उथळ खाचांच्या १:४८ नळीत गोल गोळी मारायची असेल तर दारू आवरती घ्या आणि घट्ट विणीची, नीट भरून बसणारी चिंधी वापरा.

८. सैल पिळाच्या नळीत फिरकी पुरी पडावी म्हणून दारू जास्त घालावी लागते का?

हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की मीही कित्येक वर्षं मानत होतो. हिशेब मात्र वेगळं बोलतो. लांबट गोळीचं स्थैर्य पिळाच्या वर्गावर अवलंबून असतं. पीळ दुप्पट घट्ट केला की ते चौपट होतं. वेग दुप्पट केला, जे ठासणीच्या बंदुकीत कोणी करू शकत नाही, तर ते साधारण पाव हिश्शाने वाढतं. म्हणजे जिथे पीळ कमी पडतो तिथे दारूने भरपाई होत नाही. आणि गोल गोळीला तर उलटण्याचा जोरच नसतो (प्रश्न ३).

मग १:६६ किंवा १:७० च्या नळ्या जास्त दारूवर खुलतात हा अनेकांचा अनुभव खोटा का? नाही. त्या नळ्या जास्त दारू सहन करतात, गोळी सटकू देत नाहीत. शिवाय दारू बदलली की नळीची थरथर, चिंधीची दाटी, वेगातला सारखेपणा हे सगळं बदलतं. कमी दारूवर त्याच नळीतून ५० यार्डांवर सुरेख ग्रूपिंग, म्हणजे एकमेकांजवळ पडलेली भोकं, मी पाहिलं आहे. पाच-पाच ग्रेनने वाढवत जा, प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या मारा आणि कागद सांगेल ते ऐका.

बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका, आणि काळ्या दारूच्या बंदुकीत बिनधुराची दारू कधीही, थोडीसुद्धा, घालू नका. नळी फुटते.

९. ब्रिटिश सैन्याच्या एनफिल्ड रायफलीचा पीळ १:७८. तुमच्या सूत्राने तिची लांबट, पोकळ बुडाची मिनिए गोळी त्यातून आडवी जायला हवी. मग शेकडो यार्ड नेम कसा धरायचे?

सूत्र लावून पाहिल्याबद्दल शाबास. .५७७ व्यास आणि सुमारे एक इंच लांबी धरली तर उत्तर १:५० येतं, आणि १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डच्या ३९ इंची नळीत तीन खाचा अर्धाच वेढा घेतात. अमेरिकन १८६१ ची स्प्रिंगफील्डही १:७२ च होती.

गुपित बुडातल्या पोकळीत आहे. मिनिए गोळीचं बूड आतून कोरलेलं असतं. दारूच्या धक्क्याने ती कड फुगून खाचांत बसावी, हा त्याचा मूळ हेतू. पण त्यामुळे गोळीचं वजन नाकाकडे सरकतं. वजनाचा मध्य पुढे आला की हवेचा उलटवणारा जोर कमी होतो. बाणाचं टोक जड ठेवतात तसंच काहीसं. म्हणून भरीव गोळीला जो पीळ अपुरा पडला असता तो हिला पुरतो.

सूत्र अगदीच खोटं नव्हतं हेही इतिहासात दिसतं. एनफिल्डच्या १८५८ च्या आखूड नमुन्यात, ३३ इंची नळीत, पाच खाचा आणि १:४८ चा पीळ दिला गेला. लांब पल्ल्यावर ही आखूड रायफल आपल्या लांब बहिणीपेक्षा चांगला नेम धरते, असं दोन्ही वापरणारे आजही सांगतात.

मिनिएला दोन पथ्यं आहेत. शिसं शुद्ध, मऊ हवं. कठीण मिश्रणाची कड फुगतच नाही आणि मग कुठलाही पीळ तिला धरू शकत नाही. दुसरं, दारू बेताची. जास्त दारूने पातळ कड बाहेर पडताना तुतारीसारखी फाकते आणि गोळी भरकटते. स्प्रिंगफील्डचा लष्करी भार ६० ग्रेनच होता.

१०. व्हिटवर्थ रायफलीत वेगळं काय होतं?

जोसेफ व्हिटवर्थ हा मुळात यंत्रकार, आणि त्याने प्रश्न यंत्रकारासारखा सोडवला. बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, लहान केला, .४५१ इंच. गोळी लांब केली, ५३० ग्रेनची. लांब गोळीला लागेल तो पीळ दिला, १:२०. आणि एवढ्या घट्ट पिळात गोळी सटकू नये म्हणून खाचांऐवजी नळीच आतून षट्कोनी केली. पिळलेल्या षट्कोनात षट्कोनी गोळी, सटकायला वावच नाही. साधी दंडगोल, मऊ शिशाची लांबट गोळीही धक्क्याने फुगून त्यात बसायची.

१८५७ च्या चाचण्यांत ५०० यार्डांवर एनफिल्डचं सरासरी विचलन २.२४ फूट भरलं, व्हिटवर्थचं ०.३७ फूट. जुलै १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केलं ते आधाराला जखडलेल्या व्हिटवर्थचा चाप रेशमी दोरीने ओढून. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली. तरी सैन्याने ती सरसकट घेतली नाही. लहान बोअर काजळीने लवकर अडायचा आणि किंमत फार होती. पिळाचं कोडं सुटलं तरी सैनिकाच्या रायफलीचे बाकीचे प्रश्न उरतातच.

११. माझ्या १:२८ च्या इनलाइन (नव्या घडणीच्या, टोपी थेट नळीच्या मागे असणाऱ्या) रायफलीतून चिंधीतली गोल गोळी मारता येईल का?

येईल, दारू निम्म्यावर आणलीत तर. ५० यार्डांच्या आत, हलक्या भाराने, जाड चिंधीने अशी नळी बऱ्यापैकी ग्रूपिंग देते. शिकारीइतका भार घातला की गोळी सटकते (प्रश्न ४), आणि उथळ खाचा त्यात भर घालतात (प्रश्न ७).

१२. सॅबोसाठी पीळ काढताना व्यास नळीचा घ्यायचा की गोळीचा?

गोळीचा. प्लॅस्टिकचा सॅबो तोंडाबाहेर गळून पडतो, हवेतून जाते ती आतली गोळी. .५० च्या नळीत .४५२ ची, एक इंच लांब गोळी असेल तर ग्रीनहिलचं उत्तर १:३० च्या आसपास येतं. इनलाइन रायफलींत १:२८ इतका रूढ का झाला ते यावरून समजतं. नळीचा .५० हा व्यास घातला तर १:३७ येईल आणि तुम्ही फसाल.

१३. नळी कापून आखूड केली तर पीळ बदलतो का?

नाही. वेढ्याची लांबी तीच राहते. वेग थोडा कमी होतो, पण प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे स्थैर्यावर त्याचा परिणाम किरकोळ. नळीत पूर्ण वेढा बसलाच पाहिजे असंही काही नाही, बेकरची पाव वेढ्याची नळी आठवा. कापलेलं तोंड मात्र नीट, काटकोनात, कुठे खरवड न ठेवता घासावं लागतं. ते बिघडलं तर लोक पुन्हा पिळालाच नावं ठेवतात.

१४. वाढता पीळ म्हणजे काय? घ्यावा का?

बुडाशी सैल आणि तोंडाकडे घट्ट होत जाणारा पीळ. कोल्टच्या टोपीच्या रिव्हॉल्वरांत तो होता, आणि नामांकित नळीकार हॅरी पोप त्याचा पुरस्कर्ता. स्फोटाचा धक्का सर्वांत मोठा असताना गोळीला हळूच वळवायचं, मग फिरकी वाढवायची, असा विचार आहे. गोल गोळीच्या चिंधीला तो मानवतो. लांब गोळीच्या अंगावर मात्र खाचांचे ठसे नळीभर कोन बदलत राहतात, म्हणून तिची पकडीची बाजू आखूड असावी लागते. हिशेबात तोंडाचा पीळ धरायचा. मुद्दाम शोधत फिरण्याइतका फरक मला तरी दिसलेला नाही.

१५. उजवा पीळ चांगला की डावा?

नेमाला दोन्ही सारखे. लांब पल्ल्यावर लांबट गोळी पिळाच्या दिशेने किंचित सरकते, ती नेमपट्टीवर सावरून घ्यायची. गोल गोळीत हा विचारच करू नका.

१६. थंडीत किंवा उंचावर पिळाची गरज बदलते का?

बदलते, थोडीशी. थंड हवा दाट असते आणि दाट हवा गोळीला जास्त उलटवते. उंचावर हवा विरळ, तिथे स्थैर्य वाढतं. तुमची गोळी काठावर असेल, म्हणजे सूत्राच्या मर्यादेपेक्षा लांब असेल, तर उन्हाळ्यात गोल पडणारी भोकं कडाक्याच्या थंडीत लांबट दिसू शकतात. काठापासून दूर असाल तर काही फरक जाणवणार नाही.

१७. ग्रूपिंग बिघडलं आहे. दोष पिळाचाच आहे हे कसं ओळखू?

कागदाला विचारा. लांबट गोळीची भोकं लंबगोल किंवा किल्लीच्या भोकासारखी पडत असतील तर गोळी डोलत किंवा आडवी जाते आहे. पीळ अपुरा आहे, नाहीतर गोळी खाचा धरत नाही. दोन्हींतलं कुठलं हे कळायला आखूड गोळी मारून बघा. तीही आडवी जात असेल तर गोष्ट पकडीची आहे.

भोकं गोल आणि पसारा मोठा, असं असेल तर पीळ मी सगळ्यांत शेवटी तपासतो. गोल गोळी मारत असाल तर आधी जमिनीवर पडलेल्या चिंध्या गोळा करा. चिंधी सगळं सांगते. मध्ये काळा गोल, कडेला खाचांचे सारखे ठसे, आणि फारतर सुतं सुटलेली कड: हे निरोगी. मध्ये जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ किंवा वंगण कमी. कंगोऱ्यांच्या, म्हणजे खाचांमधल्या उंच पट्ट्यांच्या, जागी सरळ चिरा असतील तर तोंडाची कड धारदार आहे, नवीन नळीत हे हमखास आढळतं. चिंध्या चिंधड्या होऊन येत असतील तर गोळी सटकते आहे, दारू कमी करा.

मग गज दाबण्याची ताकद. गोळी दारूवर टेकली पाहिजे, फट कधीच राहता कामा नये, आणि प्रत्येक वेळी दाब सारखा हवा. गजावर खूण करून ठेवा. त्यानंतर दस्त्याची बैठक, नेमपट्टीचे स्क्रू, आणि तोंडाची गोलाई. एवढं सगळं करून झाल्यावर जर नळी ऐकत नसेल, तर मग पिळाचा आकडा काढा आणि गोळी बदला. नळी बदलण्यापेक्षा गोळी बदलणं नेहमीच स्वस्त.

१८. पहिल्या तीन-चार गोळ्या एकाच भोकात, मग पसरायला लागतात. घट्ट पिळात हे जास्त होतं का?

होतं. काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यातला पुष्कळसा धुरातून जातो, बाकीचा नळीत काजळी होऊन बसतो. सैल, खोल खाचांना ती काजळी पोटात घ्यायला जागा असते. घट्ट पिळाच्या उथळ खाचा लवकर बुजतात, आणि बुजलेल्या खाचेत गोळीची पकड सुटते. उपाय एकच: प्रत्येक गोळीनंतर ओलसर चिंधी एकदा आत-बाहेर, मग कोरडी. चिंधी ओलसर हवी, ओलीचिंब नको. पाणी बुडाशी साचलं तर पुढची दारू भिजते.

वंगणाने काजळी मऊ राहते. मेण आणि चरबीचं वंगण एनफिल्डच्या काडतुसांना लावायचे ते यासाठीच. १८५७ चा भडका ज्या काडतुसांवरून उडाला, ती हीच काडतुसं.

१९. गोल गोळीला सैल पीळ हवा म्हणता, मग ब्रन्सविक रायफलीत गोल गोळीसाठी १:३० कसा?

कारण तिथे चिंधीवर भरवसा नव्हता. १८३० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने घेतलेल्या या रायफलीत दोनच रुंद, खोल खाचा होत्या. गोळी गोल, पण तिच्या कमरेला शिशाचा उठावदार पट्टा. तो पट्टा दोन्ही खाचांत बरोबर बसवायचा आणि गोळी खाली ठासायची. पट्टा खाचेत अडकलेला असल्यामुळे गोळी सटकणं शक्यच नव्हतं, म्हणून ३० इंचांच्या नळीत पूर्ण वेढा देता आला. पकडीच्या अंगाने पाहिलं तर ही व्हिटवर्थच्या षट्कोनाची थोरली बहीण.

नेम मात्र त्या प्रमाणात सुधारला नाही. घट्ट पिळाने गोल गोळीला काही मिळत नाही हे प्रश्न ३ मध्ये आलंच आहे, आणि पट्ट्यामुळे गोळी गोलही राहिली नाही: हवेत तो पट्टा वारा अडवत जायचा. काजळी धरल्यावर ती गोळी खाली उतरवणं हे सैनिकाच्या दंडाचं काम होऊन बसायचं. तुमच्याकडे मूळ ब्रन्सविक असेल तर पट्ट्याची गोळी तिच्या खाचांच्या मापानेच ओतून घ्या, चिंधी पातळ घ्या, आणि दोन-दोन गोळ्यांनंतर नळी पुसा.